नऊ ठोक्यांची उतरण

शमशेर शिकलगार धावायचा थांबला तेव्हा सकाळचे सव्वाआठ झाले होते. मिरजेच्या मैदानावर वीस मीटरच्या अंतरानं मांडलेल्या दोन प्लास्टिकच्या कोनांमध्ये तो अठरा मिनिटं जा-ये करत होता. स्पीकरमधून टुक् असा आवाज यायचा, त्याच्या आत समोरचा कोन गाठून परत यायचं, दहा सेकंद दम खायचा आणि पुन्हा निघायचं. दर थोड्या वेळानं तो आवाज जास्त घाईला येत होता. बाकीचे सगळे केव्हाच गळून कडेच्या गवतावर आडवे झाले होते, आणि सुरुवातीला त्याला ओरडून ओरडून चेव देणारी ती पोरं आता गप्प बसून बघत होती. क्रांती निकमनं हातातल्या टॅबवरचा आकडा वाचला. दोन हजार दोनशे ऐंशी मीटर. हौशी खेळाडूंपैकी कुणी दीड हजाराच्या वर जाईल असं तिला वाटलं नव्हतं. शमशेर गुडघ्यांवर हात टेकून उभा होता, घाम नाकाच्या शेंड्यावरून मातीत पडत होता आणि तो हसत होता. छातीवर बांधलेल्या पट्ट्यावरून त्याचे ठोके टॅबवर येत होते. थांबला त्या क्षणी एकशे शहाण्णव. नियमाप्रमाणं तिनं एक मिनिट मोजलं. एकशे सत्त्याऐंशी. तिनं पुन्हा बघितलं. एका मिनिटात नऊ ठोके. पंचवीस-तीस तरी उतरायला हवे होते. कडेला पडलेल्या त्या थकलेल्या, पोट सुटलेल्या गोलकीपरचेसुद्धा बावीस उतरले होते. दुसऱ्या मिनिटात तर आकडा खाली जायचं सोडून डगमगायला लागला. एकशे एक्क्याऐंशी, एकशे नव्वद, एकशे चौसष्ट, एकशे ब्याण्णव. जिना उतरणारा माणूस मधेच दोन पायऱ्या वर जावा तसं काहीतरी. मग तो हळूहळू सरळ झाला.

"चक्कर येतेय का?" तिनं विचारलं.

"न्हाई मॅडम. मस्त हाय."

"पट्टा सैल झाला होता?"

"घट्टच हाय की. उलट लय घट्ट बांधलाय तुमी."

तिनं बोट घालून पाहिलं. पट्टा घट्ट होता. तिनं आकडे जतन केले, वीस जणांच्या सह्या घेतल्या, कोन एकात एक घालून पिशवीत भरले. शमशेरचा धाकटा भाऊ अश्फाक पिशवी उचलायला आला. तोही शमशेरच्याच फुटबॉल संघात खेळायचा, एकवीस वर्षांचा, थोरल्यापेक्षा उंच आणि आळशी. त्याचा आकडा तेराशे वीस होता आणि ठोके एका मिनिटात एकतीसनं उतरले होते. "दादाला मरण न्हाई मॅडम," तो पिशवी रिक्षात ठेवत म्हणाला, "त्यो यंत्र हाय."

सांगलीहून साताऱ्याला येणाऱ्या एसटीत तिला खिडकी मिळाली होती. इस्लामपूरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसतोड चालू होती, पाचटाचा धूर गाडीत शिरत होता आणि पुढच्या सीटवरची बाई पदर नाकाला लावून झोपली होती. क्रांती चौतीस वर्षांची होती. साताऱ्यातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवत होती आणि चार वर्षांपासून पीएच.डी. करत होती. विषय सरळ होता: व्यावसायिक आणि हौशी फुटबॉलपटूंच्या शारीरिक क्षमतेची तुलना. वीस हे, वीस ते. धावणं, उडी, चपळाई, लवचिकता, हृदयाचे ठोके. या तुलनेचं उत्तर काय येणार हे विषय मंजूर करणाऱ्या समितीला माहीत होतं, तिच्या मार्गदर्शकांना माहीत होतं, तिला स्वतःलाही माहीत होतं. उत्तर माहीत असलेलं काम तिला आवडायचं. त्यात माणूस शांत राहतो. आता मांडीवरच्या टॅबमध्ये एक आकडा असा होता की त्याचं उत्तर तिला माहीत नव्हतं, आणि पेठ नाका ओलांडेपर्यंत तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून दोन बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवून बसलोय.

ही तिची जुनी सवय होती. सोळाव्या वर्षी ती पंधराशे मीटर पळायची. जिल्ह्यात पहिली आली होती, विभागात दुसरी, आणि राज्य स्पर्धेच्या आधी कोल्हापूरला जे शिबिर झालं तिथं एका डॉक्टरनं सगळ्या मुलींना ओळीनं उभं करून तपासलं होतं. स्टेथोस्कोप गार होता. बाकीच्या मुलींच्या छातीवर तो दोन क्षण टेकायचा आणि उचलला जायचा. तिच्या छातीवर तो थांबला. डॉक्टरनं मान कलती केली, शेजारच्या खोलीतलं कुणाचं बोलणं ऐकत असल्यासारखी. मग कागदावर एक शब्द लिहिला. मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मधला जादा आवाज. घरी तो कागद वडिलांनी वाचला. जोतीराम निकम सव्वीस वर्षं फौजेत होते, हवालदार म्हणून निवृत्त होऊन वाईजवळच्या गावी शेती बघत होते. कुठल्याही कागदावर मेडिकल हा शब्द आला की त्याच्यापुढं वाद नसतो असं त्यांना फौजेनं शिकवलं होतं. "क्रांते, अनफिट म्हंजे अनफिट," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. उलट त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता, आणि तो हात तिला अजून आठवायचा, त्याचं वजन, तंबाखूचा वास. तिचे खिळ्यांचे बूट चुलत बहिणीला गेले. दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं असं कुणाच्या मनात आलं नाही, तिच्याही नाही. नऊ वर्षांनी, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत, साताऱ्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरनं ऐकलं, पुन्हा ऐकलं, इको काढायला लावला आणि सांगितलं की आवाज आहे, पण निरुपद्रवी आहे, पुष्कळांना असतो. "पळायला काहीच हरकत नव्हती तुम्हाला." नव्हती, असं तो म्हणाला. त्यानं सहज भूतकाळ वापरला होता. तपासणीच्या टेबलावरून उतरून चपला शोधताना तिला राग आला नाही, रडूही आलं नाही. फक्त वाटलं की आता हे घरी सांगायचं नाही. वडील तेव्हा सत्तरीला आले होते. तिनं कधीच सांगितलं नाही, आणि पळायला सुरुवातही केली नाही. ती इतरांना पळवू लागली आणि कडेला उभी राहून मोजू लागली.

म्हणून त्या नऊ ठोक्यांचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं. छातीतल्या एखाद्या आवाजावर, एखाद्या आकड्यावर बोललेला शब्द किती लांब जातो हे तिच्याएवढं कुणाला माहीत असणार होतं. दुसऱ्या दिवशी तिनं तो तक्ता घोरपडे सरांना दाखवला. घोरपडे सर तिचे मार्गदर्शक, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, टेबलावर काचेखाली जुन्या संघांचे फोटो. त्यांनी चष्मा वर करून तक्ता वाचला आणि शमशेरच्या ओळीवर पेनाचं टोपण ठेवलं.

"हा काय प्रकार आहे? हौशी आणि बावीसशे ऐंशी?"

"धावला सर. मी समोर होते."

"धावला असेल. पण हे ठोके बघ. पट्टा सैल असणार. घामानं सरकतो."

"घट्ट होता सर."

"मग सेन्सर. हे बघ, याची धाव तुझी सरासरी वर ओढतेय आणि याचे ठोके खाली ओढतायत. दोन्हीकडून त्रास. काढून टाक त्याला. हवं तर रविवारी आणखी एक हौशी पळव, वीसला वीस कर."

तिनं शमशेरला काढून टाकलं. एक ओळ निवडायची आणि बटण दाबायचं, एवढंच काम होतं. खालचे सगळे आकडे क्षणात बदलले, सरासरी खाली आली, दोन गटांमधलं अंतर स्वच्छ दिसायला लागलं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं हेही तिनं बाजूला उभं राहून पाहिलं. पुढचे चार दिवस तिनं पेपर तपासले, कॉलेजच्या क्रीडा दिनाची पत्रं लिहिली, घरमालकिणीच्या नळाचा वायसर बदलून आणला. रात्री मात्र अंग टेकलं की एकशे सत्त्याऐंशी हा आकडा तिच्यासमोर यायचा. रस्त्यात गाडीचा नंबर दिसावा तसा, काही न मागता.

पाचव्या दिवशी ती वाईवरून पसरणी घाट चढून पाचगणीला गेली. एका व्यावसायिक क्लबचं हंगामापूर्वीचं शिबिर तिथल्या एका शाळेच्या मैदानावर चाललं होतं आणि तिच्या वीस व्यावसायिकांपैकी शेवटच्या सहा जणांची चाचणी राहिली होती. हवा थंड आणि पातळ होती. ती मुलं, मुलंच होती ती, शमशेरच्याच वयाची, रांगेत येऊन उभी राहिली आणि न सांगता त्यांनी शर्ट वर केले, पट्टे स्वतःच बांधले, सेन्सरला थुंकी लावून ओला करायचा हेही त्यांना ठाऊक होतं. ती धावली, थांबली, चालत बाजूला गेली, आणि त्यांचे ठोके शहाण्यासारखे उतरले. अडतीस. पस्तीस. एक्केचाळीस. दीड तासात काम संपलं. क्लबच्या फिजिओनं तिला चहा दिला आणि आपल्याकडच्या फायली दाखवल्या. प्रत्येक खेळाडूची एक जाड फाईल: रक्त, डोळे, गुडघ्यांचे फोटो, दरवर्षीचा ईसीजी, दरवर्षीचा इको. "हे झाल्याशिवाय करारावर सही नाही," तो म्हणाला. ती पानं उलटत राहिली. मिरजेच्या वीस जणांना तिनं एक छापील फॉर्म दिला होता. सध्या काही आजार आहे का, होय किंवा नाही. विसांनीही नाही वर खूण केली होती, एकमेकांचं पेन घेऊन, हसत. त्या विसांपैकी एकाच्याही छातीला आजवर कुणी स्टेथोस्कोप लावला नसेल. तिच्या प्रबंधात तुलनेचे चौदा रकाने होते आणि हा रकाना त्यात नव्हता.

तेवढ्यात क्लबचा सहायक प्रशिक्षक तिथं आला, आणि चहाच्या टेबलावर उघड्या पडलेल्या तिच्या जुन्या छापील तक्त्यावर त्याची नजर गेली. तो सरांनी पेनाचं टोपण ठेवलेलाच कागद होता, शमशेर अजून त्यात होता.

"हा कोण?"

"हौशी आहे. मिरजेचा. रेडिएटर दुरुस्तीचं काम करतो."

"बावीसशे ऐंशी? काम करून?" त्यानं कागद उचलला. "वय?"

"चोवीस."

"वय जरा जास्त आहे. पण बघायला काय हरकत. सव्वीस तारखेला आमच्या निवड चाचण्या आहेत. पाठवा त्याला. तुम्ही नाव दिलंत की मी यादीत घेतो." धावण्याच्या रकान्याशेजारी ठोक्यांचा रकाना होता. त्यानं तो वाचला नाही, किंवा वाचून सोडून दिला. क्रांतीनं तोंड उघडलं होतं. काय म्हणणार होती ते तिला नंतर आठवेना. ती म्हणाली, "कळवते."

घाट उतरताना गाडी प्रत्येक वळणावर एका बाजूला कलत होती आणि खाली धोमच्या धरणाचं पाणी एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं दिसत होतं. आज तेरा तारीख होती. आपण काही केलं नाही तर काय होईल, हे तिनं शांतपणे मांडून बघितलं. नाव दिलं, तर तो सव्वीसला इथं येईल आणि या पातळ हवेत, निवड होण्यासाठी, मिरजेत धावला त्याच्या दुप्पट धावेल. बहुतेक काहीच होणार नाही. नाव दिलं नाही आणि गप्प राहिलं, तर त्याला काही कळणारच नाही, तो दर रविवारी मिरजेत धावत राहील, आणि बहुतेक काहीच होणार नाही. सांगितलं, आणि तपासणीत काही निघालं नाही, तरी एकदा छातीत शिरलेली शंका कधी निघत नाही. रात्री कुशीवर वळलं की कानात ठोका ऐकू येतो. तिला तो अठरा वर्षं ऐकू येत होता. आणि सांगितलं आणि निघालं, तर? त्यापुढं तिचं मांडणं थांबत होतं. वाईला उतरून ती वडिलांना भेटायला गावी जाऊ शकली असती, वीस मिनिटांचा रस्ता होता. ती सातारा गाडीत जाऊन बसली.

सहा दिवस असे गेले. एकोणीस तारखेला, मैदानावरच्या त्या सकाळनंतर अकराव्या दिवशी, ती मिरजेला गेली. सांगली रस्त्यावर टायरच्या दुकानांच्या ओळीत शमशेरचं पत्र्याचं शेड होतं. बाहेर ट्रकचे रेडिएटर भिंतीला टेकवून ठेवलेले, आत गळती बुजवायच्या डागकामाचा आंबूस वास. तो लोखंडी टाकीतल्या पाण्यात रेडिएटर बुडवून, हवेचा पाइप लावून, बुडबुडे कुठून येतात ते बघत होता. तिला बघून त्यानं हात फडक्याला पुसले आणि स्टूल पुढं केलं.

"पाचगणीच्या क्लबवाल्यांनी तुझं नाव विचारलंय," ती म्हणाली. आधी हेच सांगायचं तिनं ठरवलं नव्हतं. "सव्वीसला चाचणी आहे."

तो टाकीकडं गेला, हवेचा पाइप बंद केला, परत आला. "मला?"

"हो. पण त्याआधी तुला एक टूडी इको काढायचाय. हृदयाची सोनोग्राफी असते तशी. इथंच मिरजेत होईल. तू धावून थांबलास तेव्हा तुझे ठोके जसे उतरायला पाहिजेत तसे उतरले नाहीत."

"मला कायबी हुत न्हाई, मॅडम."

"कधी चक्कर आली होती?"

"जेवलं न्हाई की येती. समद्यांनाच येती." त्यानं फडकं टाकीच्या कडेवर टाकलं. "गेल्या रमजानात एकदा शेडमधी पडलो हुतो. उपासाचं पाणी न्हाई, काय न्हाई, त्यात हे गॅसचं काम. अम्मीला सांगितलं न्हाई."

"म्हणून तपासून घे."

"घेतो की. चाचणी झाली की घेतो."

"आधी."

"आणि काय निघालं तर?"

"तर चाचणी नाही."

शमशेर तिच्याकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, समोरचं यंत्र कुठून गळतंय ते शोधणाऱ्या माणसाची एकाग्रता होती. "मग नंतरच करतो," तो साध्या आवाजात म्हणाला. "निघायचं आसंल तर सव्वीसला न्हाईतर सत्तावीसला निघंल. त्ये काय पळून जातंय?"

हे बरोबर होतं. त्याच्या जागी सोळा वर्षांच्या तिला जर कुणी विचारलं असतं, तर तिनंही हेच म्हटलं असतं, आणि तिच्या बाबतीत तर ते खरंच ठरलं असतं. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, पत्रा थरथरला. क्रांतीला स्वतःचा आवाज ऐकू आला, न चढलेला, सावकाश. "रिपोर्ट दाखवल्याशिवाय मी तुझं नाव त्यांना देणार नाही."

"असं करताय व्हय."

"हो."

"बरं," तो म्हणाला, आणि तिनं उठायच्या आतच त्यानं हवेचा पाइप पुन्हा चालू केला. टाकीतलं पाणी उकळल्यासारखं खदखदू लागलं.

दोन दिवसांनी तिच्या फोनवर एका कागदाचा फोटो आला. सोबत एक शब्दही नव्हता. कागद टेबलावर ठेवून काढलेला, कोपऱ्यात त्याच्या अंगठ्याचं काळं नख आलेलं. हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत एकोणीस मिलिमीटर जाड होती. बारापर्यंत चालते. खाली डॉक्टरनं लिहिलं होतं की स्पर्धात्मक खेळ आणि जोराचं धावणं पूर्ण बंद. क्रांती तेव्हा वर्गात होती. मुलांना पाच मिनिटं वाचायला सांगून ती व्हरांड्यात आली आणि तिनं त्याला फोन केला. तो उचलेना. तिनं मेसेज केला की दुसऱ्या डॉक्टरला दाखव, एकावर विश्वास ठेवू नकोस, दुसऱ्याला नक्की दाखव. हे लिहिताना तिची बोटं इतकी घाईत होती की तीन चुका झाल्या. तेवीस तारखेला दुसरा फोटो आला. वेगळं हॉस्पिटल, वेगळी सही. अठरा मिलिमीटर. तिला वाटलं होतं की दुसरा डॉक्टर आला म्हणजे पहिला खोटा पडतो. हा नियम नव्हता, तिच्यापुरतं घडलं होतं एवढंच. तिनं पाचगणीला कळवलं की मिरजेचा मुलगा येऊ शकत नाही. सहायक प्रशिक्षक "ओके" म्हणाला आणि त्यानं कारण विचारलं नाही. तिनं शमशेरला पाठवलेल्या पुढच्या तीन मेसेजना निळ्या खुणा आल्या आणि उत्तर आलं नाही.

मार्च संपला. प्रबंध लिहून होत आला. व्यावसायिक खेळाडू हौशींपेक्षा धावण्यात, उडीत, चपळाईत सरस आहेत, लवचिकतेत फरक नाही, ठोके उतरण्यात मोठा फरक आहे. वाक्यं जुन्या प्रबंधांतून आल्यासारखी आपोआप येत होती. घोरपडे सर खूश होते. रविवारी सकाळी तिला जाग यायची तेव्हा मिरजेत आत्ता सामना चालू असेल आणि तो कुठं असेल, असं तिच्या मनात यायचं. कडेला उभा असेल, का शेडमध्ये असेल, का सगळ्यांना झिडकारून खेळतच असेल. सोळाव्या वर्षीचे तिचे रविवार तिला आठवायचे. तेव्हा ती वडिलांसोबत उसाला पाणी पाजायला जायची आणि वडील तिच्या हातातलं खोरं काढून घ्यायचे, दमशील म्हणून. त्यांना ती कधी तोडून बोलली नव्हती. आता ते ऐंशीच्या घरात होते, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचे, आणि गेल्या महिन्यात ती घरी गेली तेव्हा कुणाला तरी अभिमानानं सांगत होते की माझ्या पोरीला मी वेळेवर थांबवलं म्हणून आज ती आहे. ती आत चहा करत होती. तिनं साखर घातली, ढवळलं, कप बाहेर नेऊन दिले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शमशेरचा फोन आला. दुपारची वेळ होती.

"मॅडम, डॉक्टर म्हणले हुते, घरातल्यांचं बी बघून घ्या. ह्ये घराण्यातनं येतं म्हणून. मी लय दिवस टाळलं. अम्मीचं आज केलं, साफ हाय." मागं कुणाचा तरी नंबर पुकारला जात होता. "अश्फाकचं निघालं."

"किती?"

"बावीस. माझ्यापरास वाईट. डॉक्टर म्हणत्यात छातीत मशीन बसवाय पाहिजे." मग तो म्हणाला, "तुमच्या तक्त्यात त्याचं काय हुतं?"

तिनं संगणक उघडायची गरज नव्हती. "चांगलं होतं. एकतीस."

"म्हंजे तुमच्या मशीनला त्यो बरोबर दिसला."

"हो."

"मी पळालो नसतो तर त्याचं कळलंच नसतं."

"नाही."

"बरं," तो म्हणाला. या बरंमध्ये आभार नव्हते आणि राग होता की नाही ते तिला ओळखता आलं नाही.

तिनं रजेचा अर्ज टाकला आणि संध्याकाळच्या आत ती मिरजेला पोचली. आपण का जातोय हे तिनं स्वतःला विचारलं नाही. प्रबंधातली अश्फाकची ओळ तिच्या डोळ्यांपुढं होती. हौशी, क्रमांक अकरा. वय, उंची, वजन, धाव, उडी, ठोके. संपूर्ण तक्त्यात इतकी मधली, इतकी शांत ओळ दुसरी नव्हती. ती ओळ सरासरीच्या अगदी जवळ होती. तिनं, घोरपडे सरांनी, उद्या परीक्षकांनी, ज्यानं कुणी तो तक्ता बघितला त्याची नजर तिच्यावर थांबण्याचं काही कारण नव्हतं. त्रास देणारी ओळ तिनं काढली होती आणि ही ठेवली होती.

हॉस्पिटलचा कॉरिडॉर लांब होता, हिरव्या फरशीचा, दोन्ही बाजूंना बाकडी. मिरजेत बाहेरगावचे पेशंट फार, त्यामुळं बाकड्यांवर कानडीही ऐकू येत होतं. शमशेर औषधांच्या खिडकीशी रांगेत उभा होता. त्यानं तिला बघून मान हलवली आणि रांग सोडली नाही. तो जाडावला होता, दोन महिन्यांत, मानेपाशी. कोपऱ्यातल्या बाकड्यावर त्याची आई बसली होती. फरीदा. पंचेचाळीस-शेहेचाळीसची असेल, शिलाई मशीनवर काम करणाऱ्यांचे असतात तसे वाकलेले खांदे, मांडीवर रिपोर्टांची पिशवी दोन्ही हातांनी धरलेली.

"तुमीच व्हय त्या मॅडम," ती म्हणाली आणि सरकून तिनं जागा केली.

"अश्फाक कुठाय, चाची?"

"आत हाय. मशीन कसली बसवायची ते समजावून सांगाय लागल्यात. त्यो ऐकतोय कुटं. मघापास्नं इचारतोय, पोहता येतंय का, गाडी चालवता येती का." फरीदा थोडी हसली. "मला म्हणला, अम्मी, तू आन् दादानं गपचिप माझं नाव लिवलं न्हवं? त्याला वाटतंय आमीच त्याला यात वढलं."

भिंतीवरच्या पंख्याचा वारा पिशवीवर येत होता आणि पिशवी फडफडत होती.

"शमशेर महिनाभर माझ्याशी बोलत न्हवता," फरीदा म्हणाली. "जेवायचा, कामावर जायचा. इतवारी त्या मैदानाच्या रस्त्यानं गाडीबी घालत न्हवता. तुमच्यावर लय राग हुता त्याचा. अजून हाय. आज सकाळी रिपोर्ट आला, तवा एवढंच म्हणला की मॅडमला फोन लावतो. का लावतो ते न्हाई सांगितलं."

"मी अकरा दिवस उशीर केला, चाची," क्रांती म्हणाली. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मी त्याचं नाव काढून टाकलं आणि गप्प बसले."

फरीदानं तिच्याकडं बघितलं. रागानं नाही, आश्चर्यानंही नाही. पिशवीवरची तिची पकड जरा सैल झाली, एवढंच क्रांतीला दिसलं. कुणीतरी व्हीलचेअर ढकलत नेली. खिडकीशी शमशेर एक पाऊल पुढं सरकला.

"डॉक्टरनी आज मला इचारलं," मग फरीदा हळू आवाजात म्हणाली, "घरात कोण अचानक गेलंय का. मी म्हणलं, ह्यांचे अब्बा. बत्तीस वर्साचे हुते. शमशेर चार वर्साचा, ह्यो अंगावर पीत हुता. मार्केट यार्डात हळदीची पोती उतरवत हुते, पाठीवर पोतं घिऊनच खाली बसले ते उठलेच न्हाईत. समदे म्हणले, ऊन लागलं. डॉक्टरनीबी तसंच लिवलं. मी आजवर पोरांना त्येच सांगत आली."

तिनं पिशवीच्या तोंडाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"त्या दिवशी ऊन न्हवतं, मॅडम," फरीदा म्हणाली. "सकाळपास्नं आभाळ भरलं हुतं. मला ठाऊक हाय. मी दोरीवरची कापडं आत घेत हुती."